कैलास लेण्याचे फोटो सपाट का येतात? लेन्सआधी उन्हाची दिशा बघा

तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. वेरूळला डिसेंबरात जावं की मार्चमध्ये, आणि मागच्या वेळी कैलासचे फोटो सपाट, राखाडी आले म्हणून आता १८-५५ मिमीच्या नेहमीच्या लेन्सच्या जोडीला महागडी वाइड लेन्स घ्यावी का. माझं मत आधीच सांगतो: लेन्स घेऊ नका, मार्चमध्ये जा आणि हाताशी असलेले दोन्ही दिवस तिथेच काढा. सपाट फोटोचा दोष तुमच्या लेन्सचा नाही. दगडावरचं कोरीवकाम डोळ्याला दिसतं ते सावलीमुळे. ऊन समोरून पडलं की सावली मूर्तीच्या मागे लपते आणि हातभर खोल कोरलेली आकृतीही भिंतीला चिकटवल्यासारखी दिसते. तेच ऊन भिंतीला घासून, कडेने किंवा वरून आलं की बोटभर उठावाचं काम बाहेर येतं. त्यामुळे कुठल्याही पाषाणशिल्पापुढे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न एकच: या भिंतीचं तोंड कुठे आणि सूर्य आत्ता कुठे?

वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. ३४ लेणी या एकाच कड्यात, उत्तर-दक्षिण पसरलेली. म्हणजे सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि सगळे दर्शनी भाग सावलीत. बहुतेक लोक सकाळी गाडीतून उतरतात ते थेट १६ नंबरच्या कैलासात शिरतात आणि मागे पांढरंफटक आकाश, पुढे काळं देऊळ असा फोटो घेऊन बाहेर पडतात. सकाळ वाया घालवायची नाही, पण ती कैलासच्या दर्शनी भागाला देऊ नका. ती ओसरीतल्या आणि आतल्या शिल्पांना द्या. डोंगराच्या सावलीत प्रकाश मऊ आणि एकसारखा असतो, खांब आणि त्यामागची मूर्ती दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्यात घेतलेल्या उजेडाच्या एकाच मापात) बसतात. पहिल्या १२ बौद्ध लेण्यांपैकी १२ नंबरचं तीन मजली लेणं, तीन ताल, यासाठी उत्तम आहे. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती सकाळच्या शांततेत पाहायला मिळतात ते वेगळंच.

आता कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत नेऊन हे देऊळ मोकळं केलं. त्यासाठी जो खड्डा झाला तो सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या बाजूला ३० मीटरच्या आसपास खोल आहे. फोटोच्या दृष्टीने सगळं गणित या खड्ड्याचं आहे. आडात ऊन उतरावं तसं ते इथे उतरतं, काही वेळापुरतं आणि वर्षातल्या काही महिन्यांतच चांगलं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंशांवर, दक्षिणेला कललेला असतो. खड्ड्याच्या दक्षिण भिंतीची लांब सावली अंगणात आणि देवळाच्या खालच्या थरांवर पडून राहते. शिखर उजळतं, खालचे शिल्पपट अंधारात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी सत्तर अंशांवर येतो आणि ऊन अंगणात उतरतं. मार्च म्हणतोय तो एवढ्यासाठी. उन्हाचा त्रास होईल, टोपी आणि पाणी घ्या, पण जा.

‘दुपारी फोटो काढू नका’ हा नियम माणसांच्या चेहऱ्यांसाठी ठीक आहे. इथे तो विसरा. उभ्या भिंतीवर डोक्यावरचं ऊन घासून खाली येतं, प्रत्येक कपाळाच्या, हाताच्या, दागिन्याच्या खाली सावली पडते. साडेबारा ते दोन या वेळात देवळाच्या दक्षिण बाजूने चाला. याच बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. ते खोबणीत आत आहे, त्यावर थेट ऊन क्वचितच येतं, आणि तरीही मला त्याची दुपारच आवडते, कारण समोरची जमीन तापलेली, उजळलेली असते आणि तिचा उजेड खालून वर आत जातो. रावण खाली, वीस हातांची पकड लावून बसलेला. वर शंकर पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबतोय, पार्वती त्याच्याकडे झुकून दंडाला बिलगलीय, मागे दासी पळत सुटलीय. खालून येणाऱ्या त्या उजेडात रावणाच्या खांद्यांना भार येतो. तिथे फ्लॅश मारलात तर ही सगळी रचना एका क्षणात पुसली जाते. फ्लॅश बॅगेतच ठेवा. रंगाचे अवशेष असलेल्या लेण्यांत तर तो वापरूच नये, आणि कैलासच्या छतांवरही असे अवशेष आहेत.

दुपार कलली की रामायण-महाभारताच्या पटांकडे या. सभामंडपाकडे चढणाऱ्या जिन्यांजवळ दक्षिणेला रामायण आणि उत्तरेला महाभारत, ओळींवर ओळी, बारीक उठावाचं काम. या भिंती पूर्व-पश्चिम धावतात, म्हणून मार्चमध्ये पश्चिमेला उतरणारं ऊन दक्षिणेच्या पटाला जवळजवळ समांतर येतं. साडेतीन-चारच्या सुमारास ही संधी असते, नंतर पुढच्या गोपुराची सावली चढायला लागते. एरवी नुसत्या खरबरीत पट्ट्यांसारख्या दिसणाऱ्या ओळींतून माकडं, धनुष्यं सुटी होऊन बाहेर येतात. उत्तरेचा महाभारतपट तेव्हा सावलीतच राहतो. त्यासाठी खड्ड्याच्या उत्तर भिंतीवर ऊन असतानाची वेळ धरा, तिथून परतणारा उजेड पटावर येतो. अगदी समोर उभं न राहता थोडं तिरकं उभं राहा.

एक्स्पोजरबद्दल. हा दगड दख्खनचा बेसॉल्ट, गडद. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम राखाडी करू पाहतो, त्यामुळे चौकट काळ्या दगडाने भरली की तो फोटो नको तेवढा उजळ करतो. तुमचे फोटो ‘राखाडी’ आले ते यामुळेच. दगडाने भरलेल्या चौकटीत एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). फोनवर दगडावर बोट टेकवून सूर्याची खूण खाली ओढायची. चौकटीत आकाशाचा तुकडा आला की उलटं होतं, दगड काळाठिक्कर पडतो. शक्यतो आकाश वगळाच. कॅमेऱ्यात रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा, कारण सावलीतला दगड निळसर येतो आणि तो रंग नंतर सुधारता येतो. आत अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त न्या. त्याने फोटोत येणारे दाणे बेसॉल्टच्या पोतात मिसळून जातात, हललेला फोटो मात्र कशानेही दुरुस्त होत नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते, ड्रोनचा विचारही नको. खाली बसून गुडघ्यांवर कोपरं टेकवा, किंवा कॅमेरा जमिनीवर बॅगेवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा. कोरीव खांबाला टेकून कॅमेरा स्थिर करणारे रोज दिसतात आणि दर वेळी मला ते सांगावं लागतं: घामाचे हात आणि पाठी लागून लागून तिथला दगड गुळगुळीत, तेलकट झालाय, तो पुन्हा पूर्वीसारखा होणार नाही.

वाइड लेन्स का नको, तेही सांगतो. अंगणात उभं राहून वर बघत फोटो काढला की ध्वजस्तंभ आणि देऊळ मागे कोसळल्यासारखं दिसतं, आणि लेन्स जितकी वाइड तितकं जास्त. फोनच्या अल्ट्रावाइडने कडेचे खांब वाकतात. त्याऐवजी उंची शोधा. अंगणाच्या कडेने कोरलेल्या ओवऱ्यांत उत्तरेला वरच्या मजल्यावर लंकेश्वर नावाचं लेणं आहे. खुला असेल तर तिथून मंडपाची पातळी डोळ्यांसमोर येते. बाहेरून डोंगरावर चढणारी वाट तर चुकवूच नका. चार साडेचारला वरून शिखर, मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह सोनेरी होतात, आणि हे देऊळ बांधलेलं नाही हे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळतं. इथे १८ ते २४ पुरते. कठड्याच्या पलीकडे पाय टाकू नका. चौकटीत एखादा माणूस येऊ द्या, त्याशिवाय आकार कळत नाही. खालच्या गजथरासाठी मात्र ५५ वर जा आणि एकेक हत्ती वेगळा बघा.

दुसऱ्या दिवशीची दुपार १० नंबरच्या विश्वकर्मा लेण्यासाठी राखून ठेवा. लाकडी फासळ्यांची नक्कल केलेलं दगडी छत, स्तूपापुढे बसलेला बुद्ध, आणि उजेड येतो तो पश्चिमेच्या दारातून आणि वरच्या सज्जामागच्या गवाक्षातून. मार्चमध्ये उतरतं ऊन थेट आत मूर्तीपर्यंत पोहोचतं आणि त्या दिवसांत तिथे गर्दीही होते. ऊन मूर्तीवर असेल तर चेहऱ्यावरून एक्स्पोजर घ्या आणि छत काळं पडू द्या. छत हवं असेल तर दुसरा फोटो काढा, एकाच चौकटीत दोन्ही कोंबू नका.

बाकी थोडक्यात. २१ नंबरच्या रामेश्वर लेण्याच्या दर्शनी भागातली मकरावर उभी गंगा दुपारनंतर. ३२ नंबरच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर आंब्याखालची अंबिका आहे, तिथे घाई करू नका. जैन लेणी थोडी दूर, उत्तरेला आहेत, चालण्याचा वेळ धरा. मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

प्रत्येक शिल्पाचा फोटो काढण्याआधी लेण्याच्या क्रमांकाच्या पाटीचा एक फोटो घ्या आणि जवळून टिपलेल्या तपशिलासोबत ती भिंत पूर्ण दिसेल असा एक साधा फोटोही ठेवा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात चित्रांच्या प्रतिकृती करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने कॅमेराही हाताळला होता आणि त्याची छायाचित्रं आजही लेण्यांची तेव्हाची स्थिती दाखवतात. आपल्या हातातला फोनही ते काम करू शकतो, फक्त जागा आणि तारीख कळली पाहिजे. मात्र शिल्प उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी शिंपडणं किंवा खडू, पावडर चोळणं कधीही नको. कोणी करताना दिसलं तर तिथल्या रखवालदाराला सांगा.

तुम्ही शेवटी सिन्नर आणि खिद्रापूरच्या देवळांचंही विचारलंय. सिन्नरचं गोंदेश्वर पूर्वाभिमुख आहे आणि मोकळ्या आवारात आहे, म्हणून तिथे सूर्योदयानंतरचे दोन तास धरा. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप वर गोल उघडा आहे. तिथे दुपारी जा, वरून येणारा उजेड आतल्या खांबांच्या वर्तुळावर उतरतो तेव्हा. देवळाच्या बाहेरच्या गजथरासाठी मग संध्याकाळपर्यंत थांबा.