वेताळ टेकडीवर पहिली निसर्गफेरी घेताय? मग हे वाचा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर लोकांना घेऊन पहिली फेरी काढताय, छान! घाबरू नका. लोक पक्ष्यांची यादी पाठ करायला येत नाहीत.

आदल्या दिवशी त्याच वेळी त्याच वाटेने एकदा चालून या. थांबायच्या जागा चारच ठरवा. नव्या माणसाची हमखास चूक म्हणजे दिसेल त्याचं नाव सांगत सुटणं. त्यापेक्षा एका गिरिपुष्पाखाली दहा मिनिटं थांबा. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, टेकडीवर मुद्दाम लावलेलं. त्याच्याखाली काय उगवलंय ते लोकांनाच शोधू द्या, मग शेजारच्या मोकळ्या गवताळ पट्ट्याशी तुलना करायला सांगा. इथे मुलं मोठ्यांपेक्षा जास्त बघतात, हा माझा अनुभव.

बाकी थोडक्यात:
- पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत, मागच्यांना ऐकू येत नाही.
- मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात तर मुळीच नाही. पावसाच्या तोंडावर पावशा आपणहून 'पेर्ते व्हा' ओरडतो, तेवढं पुरे.
- नाव येत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा. ठोकून देऊ नका!

दुर्बिणी, नोंदवह्या, कीटकांची शास्त्रीय नावं हे सगळं नंतर बघू. उन्हाळ्यात मात्र सहालाच निघा.