बाईंवर पहिल्यांदाच लिहिताय?

नक्की लिहा. शाळेच्या स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी मी बरीच वर्षं असे लेख वाचतोय, म्हणून सुरुवातीपुरतं सांगतो.

'आमच्या बाई फार प्रेमळ होत्या' इथून सुरुवात करू नका. बहुतेकांचा पहिला लेख इथेच फसतो. बाई वर्गात शिरल्या की काय दिसायचं, ते आधी लिहा. आमचे भूगोलाचे सर खडूच्या एका रेघेत अख्खी कोकणपट्टी काढायचे आणि बोटं सदऱ्याला पुसायचे. चाळीस वर्षांनी मला तो पांढरट सदराच आधी आठवतो! साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. छात्रालयातल्या मुलांच्या अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या ते स्वतः घालून ठेवत. विद्यार्थ्यांच्या मनात राहतं ते असंच काहीतरी.

आणखी दोनच गोष्टी:

- प्रसंग एकच घ्या, पण पुरता सांगा.
- बाईंचं रागावणंही लिहा, त्यांच्याच शब्दांत. नुसत्या स्तुतीत माणूस हरवतो.

भाषेची, शैलीची काळजी आत्ता नको. एखाद्या वर्गमित्राला फोन करा, तुमच्या आठवणीतल्या चुका तो हमखास दुरुस्त करेल. आणि बाई हयात असतील तर पहिला खर्डा त्यांनाच वाचून दाखवा.