तिकिटाचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

ठाण्याचे एक वाचक, वय ६६, लिहितात: मुलगी न्यूजर्सीत असते. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान घ्यावं की दुबईमार्गे? दोघांच्या जाण्यायेण्यात ५० हजारांचा फरक पडतो. 'पुढच्या वाऱ्यांची सोय केली आहे' म्हणून त्यांनी बँकेतून घेतलेल्या पॉलिसीच्या कागदाचा फोटोही जोडलाय.

थेट जा. मुंबई–न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. दुबईमार्गे ते जेमतेम ४०० किलोमीटरने वाढतं, म्हणजे अर्ध्या तासाचं उड्डाण. वेळ खातो तो मधला थांबा. थेट गेलात तर सोळा तासांच्या आसपास, मध्ये उतरलात तर वीस-बावीस सहज. येताना वारा पाठीशी असतो, तास-दीड तास वाचतो. वहिनींचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ५० हजार इथे खर्च करा. प्रवास विमाही काढा, अमेरिकेतलं हॉस्पिटलचं बिल आपल्या पेन्शनला झेपत नाही.

आता तो फोटो. 'गॅरंटीड' या शब्दाखाली कुणीतरी पेनाने दोन रेघा मारल्यात. वर्षाला ५ लाख, सात वर्षं. आठव्या वर्षाअखेरीपासून दरवर्षी ४ लाख, पंधरा वर्षं. ३५ भरा, ६० मिळवा! ऐकायला छान. पण पैसा किती वर्षं अडकतो ते धरून हिशेब केला की परतावा निघतो पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. आणि पहिला हप्ता हातात येईल तेव्हा तुम्ही ७४ वर्षांचे असाल. सोळा तास एका खुर्चीत बसायचं तर ते आज, सत्तरीच्या आत. लेकीकडे जायचे पैसे आठ वर्षं कुलपात ठेवायला लावणाऱ्याने तुमचं वय विचारलं तरी होतं का? निवृत्त माणसाला सात वर्षांचा हप्ता गळ्यात मारणं मला मुळीच पटत नाही.

तुमच्याकडे निवृत्तीचे ४० लाख आहेत. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, वर्षाला सुमारे अडीच लाख. त्यावर कर आहे, व्याजाचा दर मात्र पाच वर्षांसाठी पक्का. पण पैसे याच वर्षापासून हातात येतात आणि मुद्दल तुमचंच राहतं.

पॉलिसीचे कागद मिळून एकोणीस दिवस झालेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी परत मिळतात. अकरा दिवस उरलेत. बँकेतला माणूस 'साहेब, एक वर्ष थांबा' म्हणेल, ऐकू नका. उद्याच विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.