पोटगी, भत्ता आणि विभक्त

प्रश्न असा आलाय की 'पोटगी' हा शब्द बाईला कमी लेखणारा आहे का आणि त्याऐवजी 'निर्वाह भत्ता' म्हटलेलं बरं का.

मला त्या शब्दापेक्षा त्याच्यापुढे लावतात त्या क्रियापदाचा जास्त राग येतो. 'पोटगी उकळली'. अहो, उकळतात ती खंडणी! दहा वर्षं नोकरी सोडून मुलं, घरातली आजारपणं आणि नवऱ्याच्या बदल्या सांभाळलेल्या बाईने कोर्टात अर्ज केला की तिने उकळली, आणि त्याच दहा वर्षांत घराकडे न बघता नवऱ्याला जी प्रमोशनं मिळाली ती मात्र त्याने कमावली. रोज ऐकते हे, शिकलेल्या लोकांच्या तोंडून.

पोटगीतलं पोट सगळ्यांना दिसतंच, त्यावर वेळ घालवत नाही. शेवटची 'गी' फारसी वळणाची, परवानगी आणि रवानगीतली, तीच आपण देणगीलाही जोडली. 'निर्वाह' शब्द ऐकायला भारदस्त, पण आपलं 'निभणं' त्याच्यातूनच आलंय, म्हणजे कसंबसं निभलं एवढंच. त्याने बाईचा मान वाढतो म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

खरा खजिना 'भत्ता' आहे. हॉब्सन-जॉब्सन या ब्रिटिश काळातल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचे कर्ते त्याचा माग कन्नड 'भत्त' म्हणजे साळीपर्यंत नेतात. पण तिथेच का थांबायचं? संस्कृत 'भक्त' म्हणजे अन्न, प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं, मराठीत 'भात'. भात आणि भत्ता एकाच घरातले. पण 'भक्त'चा अर्थ अन्न तरी का झाला? कारण मूळ धातू भज्, म्हणजे वाटून देणं. भक्त म्हणजे वाटून दिलेलं, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेलं, म्हणून ताटातलं अन्न. 'भाग' याच धातूचा, 'विभाग' याचाच, आणि आता नीट वाचा, 'विभक्त' सुद्धा याचाच! म्हणजे 'विभक्त पत्नीला भत्ता' असं आपण लिहितो तेव्हा एकच धातू दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वाटणीचंच बोलतो. वाटणी भागीदाराला मिळते, त्यात उपकार कसला?

सुप्रीम कोर्टही त्याच दिशेने गेलंय. पोटगी कशी ठरवायची याचे निकष २०२० च्या निकालात दिलेत, त्यात दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता तर आहेच, पण बायकोने घरासाठी आणि मुलांसाठी नोकरी सोडली का, किती वर्षं बाहेर होती, हेही बघायला सांगितलंय. आणि ती कमवू शकते आणि ती कमवतेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही कोर्टाने मान्य केलंय. 'डिग्री आहे ना, मग कर नोकरी' म्हणणाऱ्यांनी दहा वर्षांच्या गॅपनंतर इंटरव्ह्यू देऊन बघावा.

कायदा पुरुषांच्या विरोधात आहे असंही कुणीतरी म्हणेलच. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यातली कलम २४ आणि २५ वाचा, पोटगी नवराही मागू शकतो. घर सांभाळायला त्याने काम सोडलं असेल तर त्याचाही भाग आहेच, आणि त्यानेही ती उकळली असं मी म्हणणार नाही.

हां, मूळ प्रश्न. पोटगी म्हणा, रुळलेला शब्द आहे, सगळ्यांना कळतो. पुढे 'मिळाली' लावा.