वाचकांचे प्रश्न : सहा सिलिंडरची जुनी सेडान की चार सिलिंडरची नवी?

प्रश्न : मर्सिडीज-बेंझची सी-क्लास घ्यायची, एवढे आमच्या घरी ठरले आहे, कोणती घ्यावी यावर मात्र अडून बसलो आहोत. एक पर्याय २०२१ साली आलेल्या नव्या पिढीतील सी ३०० हा आहे. दुसरा पर्याय आधीच्या पिढीतील, उत्पादनाच्या अखेरच्या काळातील सी ४०० हा आहे. ती एकाच मालकाने वापरलेली असून फार धावलेली नाही. नवीचे इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडरचे आणि २५८ अश्वशक्तीचे आहे; जुनीचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे आणि ३३३ अश्वशक्तीचे. गाडी रोज शहरात फिरेल, अधूनमधून महामार्गावर लांबचा प्रवास होईल आणि मागच्या आसनावर बहुतेक वेळा वयस्कर आईवडील असतील. ती सात-आठ वर्षे ठेवायचा विचार आहे. मला गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे, त्यामुळे ७५ अश्वशक्तीवर पाणी सोडायला मन तयार होत नाही. काय करावे?

उत्तर : आपण सांगितलेला वापर आणि गाडी ठेवण्याचा काळ पाहता मी आपल्याला नवी सी ३०० घेण्याचा सल्ला देईन. तथापि, ज्या ७५ अश्वशक्तीची आपल्याला हळहळ वाटते आहे, तिच्यापेक्षा वेगळीच एक गोष्ट आपण सोडणार आहात, आणि ती पारखून घेतल्याशिवाय निर्णय करू नये असेही मला तितक्याच कळकळीने वाटते.

आधी ताकदीचे पाहू. माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती ही इंजिनाच्या चढ्या फेऱ्यांवरची कमाल असते. शहरातील रहदारीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनाला बहुतेक वेळ मिनिटाला दीड ते अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवतो, त्यामुळे तेथे गाडी किती चपळ वाटते हे टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरावर, ठरते. सी ४००चा टॉर्क ४८० न्यूटन-मीटर आहे आणि तो सुमारे १,६०० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो. सी ३००चा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आहे. परंतु तिच्या इंजिनाला ४८ व्होल्टची विद्युत मोटर जोडलेली आहे, जी स्टार्टर आणि जनरेटर अशी दोन्ही कामे करते आणि गरज पडेल तेव्हा थोडा वेळ २०० न्यूटन-मीटरपर्यंत जोर आणि २० अश्वशक्तीपर्यंत भर घालते. टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राला, वेग पकडायला जो क्षण लागतो, नेमकी तेवढी पोकळी ही मोटर भरून काढते. म्हणून सिग्नलपासून ताशी ४०-५० किलोमीटरपर्यंत दोन्ही गाड्यांच्या पिकअपमध्ये कागदावर दिसते तेवढे अंतर जाणवत नाही. ते जाणवते महामार्गावर, ताशी ८० वरून १२०कडे जाताना, विशेषतः दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर लांबलचक ट्रकला ओलांडताना. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचायला नवीला ६ सेकंद लागतात आणि जुनीला साधारण ५. हा एक सेकंद चालकाला आनंद देणारा आहे यात शंका नाही. पण आपल्या आठवड्यात तो किती वेळा वाट्याला येईल, याचा हिशेब आपणच मांडावा.

मी वर ज्या वेगळ्या गोष्टीचा उल्लेख केला, ती म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाचा मऊपणा. सरळ रांगेतील चार सिलिंडरच्या इंजिनात दोन दट्ट्ये (पिस्टन) वर जातात तेव्हा दोन खाली येतात, तरी दट्ट्याला इंजिनाच्या मुख्य दांड्याशी (क्रँकशाफ्टशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे त्यांच्या हालचाली एकमेकींना पूर्णपणे तोलत नाहीत आणि क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोनदा येणारे एक कंपन शिल्लक राहते. दुप्पट वेगाने फिरणारे तोल साधणारे दांडे (बॅलन्सर शाफ्ट) बसवून ते आटोक्यात आणता येते. सी ४००च्या साठ अंशांच्या व्ही-सहा इंजिनात, म्हणजे जिथे तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवलेल्या असतात तिथे, हे कंपन या स्वरूपात उरतच नाही, आणि शिवाय त्यात दर १२० अंशांना एक सिलिंडर पेट घेतो, तर चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना. म्हणजेच जोराचे ठोके एकमेकांच्या अधिक जवळ पडतात आणि ताकद सलग वाहत असल्यासारखी वाटते. हा गुण अनुभवायला मोकळा महामार्ग लागत नाही. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात चढावर हलकेच ॲक्सिलरेटर दाबला तरी तो कळतो. नव्या सी ३००चे इंजिन संथ चालीत शांत असते, परंतु जोर मागितला की त्याचा स्वर काहीसा खरखरीत होतो. ज्याला चालवण्याची आवड आहे त्याला हा फरक रोज भेटतो, म्हणून ७५ या आकड्यापेक्षा त्याला अधिक वजन द्यावे. कंपनीने २०२१ साली नवी पिढी आणताना तिच्यात सहा सिलिंडरचे इंजिन दिले नाही, त्यामुळे नव्या सी ३००मध्ये हा मऊपणा मिळण्याची सोय नाही.

आता मागच्या आसनाकडे वळू. नवी गाडी लांबीला ६५ मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतरात २५ मिलिमीटर मोठी आहे, त्यामुळे मागे पायांना थोडी अधिक जागा मिळते. शहरात इंजिन वारंवार आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. जुन्या गाडीत त्या वेळी बसणारा लहानसा हादरा नवीत विद्युत मोटरमुळे जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि मागे बसणाऱ्यांना तो फरक चालकाआधी कळतो. मात्र सस्पेन्शनच्या बाबतीत बाजू उलटू शकते. आधीच्या पिढीत हवेवर तोललेले सस्पेन्शन पर्याय म्हणून मिळत असे. नव्या पिढीत ते काढून टाकले गेले. आपण पाहिलेल्या सी ४००मध्ये ते असेल, तर खराब रस्त्यावर आईवडिलांना तीच गाडी अधिक सुखाची वाटण्याचा संभव आहे. परंतु अशा सस्पेन्शनमधील हवेचे फुगे आणि कॉम्प्रेसर वयानुसार थकतात व त्यांची दुरुस्ती महाग पडते, हे सात-आठ वर्षांच्या हिशेबात धरावेच लागेल. नवी गाडी घेताना १९ इंची चाकांच्या मोहात न पडता उपलब्ध असलेली लहान चाके आणि जाड कडेचे टायर निवडा. आराम त्यानेही बराच वाढतो.

सुरक्षिततेत नवीचे पारडे जड आहे. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत आधीच्या पिढीला २०१४ मध्ये आणि नव्या पिढीला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले. पण मधल्या काळात चाचणीचे निकष बरेच कडक झाले, त्यामुळे ते पाच तारे आणि हे पाच तारे एकाच मापाचे नाहीत. जुनीच्या बाजूने मात्र एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. तिच्यात वातानुकूलनाला खरीखुरी बटणे आहेत. नवीत ते काम मोठ्या स्पर्शपडद्याकडे आणि स्टीअरिंगवरील स्पर्शपट्ट्यांकडे गेले आहे. सवय होते, तरीही रस्त्यावरून नजर हलवायला लावणारी ही रचना मला पसंत नाही. चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा ती चालू असताना तापमान आणि आवाज बदलून पाहा.

माझा कौल नवीकडे झुकतो तो मुख्यतः काळामुळे. आठ वर्षांनी जुनी गाडी दहाहून अधिक वर्षांची झालेली असेल आणि दोन टर्बो, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा व तिची सगळी इलेक्ट्रॉनिक्स त्या वयात वॉरंटीबाहेर सांभाळावी लागेल. आपण गाडी तीन-चार वर्षेच ठेवणार असता, तर मी बहुधा सी ४००चे नाव घेतले असते.

तरीही मन तिच्यावरच राहिले, तर घाई करू नका. इंजिन पूर्ण थंड असताना ते आपल्यासमोर सुरू करायला लावा आणि पहिल्या काही सेकंदांत टायमिंग चेनची (इंजिनातील झडपांची वेळ साधणाऱ्या साखळीची) खडखड येते का, ते लक्ष देऊन ऐका. सर्व्हिसच्या नोंदींत गिअरबॉक्सचे तेल बदलल्याचा उल्लेख शोधा. टायरच्या कडेवरील चार आकड्यांवरून तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी बनला ते कळते. चारही टायर एकाच बनावटीचे नसतील तर देखभालीत हात आखडता घेतला गेला असण्याची शक्यता असते. स्कॅनर जोडून सर्व नियंत्रकांतील दोषांच्या नोंदी वाचून घ्या आणि चासी क्रमांकावरून रिकॉलची, म्हणजे दोष दूर करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावून करायची, कामे पूर्ण झाली आहेत का, ते अधिकृत केंद्रात विचारा. ही तपासणी विकणाऱ्याच्या नव्हे, तर आपण निवडलेल्या मेकॅनिककडून व्हावी.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा, आणि त्यातला अर्धा वेळ आपण स्वतः मागे बसा.

प्रश्न : वरच्यासारखाच पेच माझ्यापुढे होता आणि मी नवी चार सिलिंडरची गाडी घेतली. आता बाहेरच्या ट्यूनरकडून इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून घेतला, तर तिची ताकद जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीइतकी होईल का?

उत्तर : आकडा वाढेल, मऊपणा येणार नाही. असा बदल करताना मुख्यतः टर्बोचा दाब आणि ठिणगीची वेळ बदलली जाते. त्यामुळे सिलिंडरमधील उष्णता व दाब वाढतो आणि गिअरबॉक्सवरही ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक टॉर्क येऊ शकतो. कंपनी त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा दावा नाकारू शकते, आणि विमा कंपनीला कळवले नसेल तर अपघातानंतर वेगळीच अडचण उभी राहते. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताकदच हवी असेल, तर ती कारखान्यातूनच आलेली घ्यावी. नव्या सी-क्लासच्या सी ४३मध्ये दोन लिटरच्याच इंजिनातून ४०८ अश्वशक्ती मिळते; तिच्या टर्बोच्या दांड्यावर छोटी विद्युत मोटर बसवलेली असते आणि थंड करण्याची यंत्रणा, ब्रेक व गिअरबॉक्स त्या भाराला साजेसे असतात. तिच्याही पुढची सी ६३ चार लिटरचे व्ही-आठ इंजिन सोडून दोन लिटरचे इंजिन व विद्युत मोटर अशा जोडीवर आली आणि एकत्रित ताकद ६८० अश्वशक्तीपर्यंत गेली. पण वजनही दोन टनांच्या पुढे गेले, आणि वळणावर किंवा ब्रेक दाबताना ते लपत नाही. आपली सध्याची गाडी बदलायची वेळ येईल तेव्हा सी ४३ एकदा चालवून पाहा. तोपर्यंत आहे त्या गाडीचा स्पोर्ट मोड, चांगले टायर आणि वेळेवर बदललेले तेल एवढ्यावर समाधान मानणे शहाणपणाचे ठरेल.