गेममधलं मुख्य पात्र स्त्री आहे की पुरुष, याने खेळणाऱ्याला खरंच काही फरक पडतो का?

पडतो. ‘कंट्रोलर आपल्याच हातात असतो, मग काय फरक पडतो’ हे वाक्य मी माझ्या आतेभावाकडून वीस वर्षं ऐकतेय, म्हणून हे उत्तर.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं आत्याकडे सांगलीला जमायचो. त्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, कॉम्प्युटर होता आणि त्यावर टूम रेडर या गेमचा १९९७ सालचा दुसरा भाग. त्याची नायिका लारा क्रॉफ्ट दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन चीनच्या भिंतीवर धावतेय, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. तोवर मला ठाऊक असलेल्या गेममधल्या मुली म्हणजे मारिओने सोडवून आणायच्या राजकन्या. मी हट्ट धरला, मला खेळायचंय. दादा म्हणाला, ‘तू घरातच पळव.’ त्या गेममध्ये लाराचं घर हा सरावाचा भाग आहे. बाहेर अडथळ्यांची शर्यत, आत म्हातारा बटलर. मी अख्खी सुट्टी त्या घरात काढली. बटलरला शीतखोलीत कोंडायला शिकले, शर्यतीची वेळ दादापेक्षा कमी केली. खरी लेव्हल काही मिळाली नाही. पण त्या सुट्टीभर मी आमच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळून उड्या मारत होते. मारिओ खेळून असं कधी केलं नव्हतं.

पुढे २०१८ साली असॅसिन्स क्रीड ओडिसी हा गेम आला. त्यात सुरुवातीलाच नायक म्हणून कसांड्रा किंवा अलेक्सिओस निवडायचं. दोघं बहीणभाऊ, कथा जवळपास तीच, मारामारी तीच. दादाने क्षणात अलेक्सिओस घेतला. मी म्हटलं, फरक पडत नाही ना, मग घे की कसांड्रा. ‘बाईच्या आवाजात मजा येत नाही गं.’ मग हाच तर फरक! ज्याला कायम आपल्यासारखाच नायक मिळत आलाय, त्यालाच तो जाणवत नाही.

कंपन्यांनाही तो कळतो, तरी टाळतात. २०१४ मध्ये याच मालिकेच्या युनिटी या भागात चौघांनी एकत्र खेळायची सोय होती, पण त्या चौघांत बाई एकही नव्हती. कारण काय दिलं, तर अ‍ॅनिमेशनचं काम वाढतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता दादाची मुलगी आठ वर्षांची आहे. तिला मी पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम लावून दिला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. भाची दर दोन मिनिटांनी विचारायची, ‘आत्या, हीच सोडवणार ना त्याला?’ दादा मागच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होता.

हो, टेट्रिसला किंवा गाड्यांच्या शर्यतीला हे लागू नाही. लाराचा बांधाही मुलांच्या नजरेसाठी घडवलेला होता, ते मला मोठेपणी कळलं आणि खुपलं. आणि विचर या गेममधला नायक गेराल्ट पुरुषच हवा, तो मी मनापासून खेळले.

तुम्हाला कोणी ‘फरक पडत नाही’ म्हणालं, तर वाद घालू नका. कसांड्रा घेऊन दहा तास खेळायला लावा. दादाने अजून घेतलेली नाही.