मॅनिफोल्ड निवडताना आधी आरपीएम पाहा

माझ्या जुन्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनावर सिंगल-प्लेन मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा नळ्यांचा भाग) बसवला. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट पळते, पण सिग्नलवरून निघताना अडखळते. कार्ब्युरेटर बदलू का?

आत्ता तरी कार्ब्युरेटरला हात लावू नका. सिंगल-प्लेनमध्ये आठही रनर (सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्या) आखूड असतात आणि एकाच मोठ्या प्लेनममध्ये (कार्ब्युरेटरखालच्या पोकळीत) उघडतात. साधारण ३००० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) वर त्याचा खरा जोर दिसतो. त्याखाली हवा संथ चालते, व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) ओढ कमी पडते आणि पेट्रोलचा तुषार होण्याऐवजी थेंब रनरच्या भिंतीला चिकटतात. तुमची गाडी अडखळते ती बहुधा याचमुळे.

ड्युअल-प्लेनमध्ये प्लेनमचे दोन मजले असतात. कार्ब्युरेटरची एक बाजू चारच सिलिंडरांना पुरवते आणि त्या चौघांचे श्वास क्रॅंकच्या दर १८० अंशांनी येतात. त्यामुळे एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवत नाही. आयडलिंगपासून ५५०० पर्यंत तो छान चालतो. अगदी वरच्या टोकाला थोडी ताकद कमी मिळेल, पण तुमची गाडी ५००० च्या वर जाते तरी किती वेळा? रस्त्यावरच्या गाडीला मी डोळे झाकून ड्युअल-प्लेन सुचवतो.

याच आकाराच्या इंजिनाला मित्र ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा देणारा) कार्ब्युरेटर घ्यायला सांगतो. घेऊ?

३५० घनइंचांना कमाल आरपीएमने, म्हणजे ५५०० ने गुणा आणि ३४५६ ने भागा: ५५७ सीएफएम येतात. (एका घनफुटात १७२८ घनइंच, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते, म्हणून ३४५६.) सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरले तर साधारण ४७३. म्हणजे ६०० चा पुरेसा आहे. क्वाड्राजेटसारखा स्प्रेड-बोअर (पुढची दोन भोके लहान, मागची दोन मोठी) कार्ब्युरेटर असेल तर मॅनिफोल्डचे तोंडही त्याच मापाचे हवे.

बिडाचा मॅनिफोल्ड काढून ॲल्युमिनियमचा बसवला. आता आयडलिंग वरखाली होते, धूरही निळसर येतो. बाहेरून स्प्रे मारून पाहिला, गळती सापडत नाही.

निळा धूर म्हणजे तेल जळतेय. माझ्या स्वतःच्या इंजिनावर मी याच दुखण्यामागे दोन आठवडे घालवले. गळती पॅकिंगच्या खालच्या कडेला, व्हॅलीच्या (सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट भागाच्या) बाजूला होती. तिथे बाहेरचा स्प्रे पोचतच नाही आणि मॅनिफोल्ड क्रॅंककेसमधली (इंजिनाच्या आतल्या, क्रॅंक असलेल्या भागातली) तेलाची वाफ ओढून घेतो. पीसीव्हीची नळी (क्रॅंककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी) आणि ब्रीदर (क्रॅंककेसची हवेची वाट) बंद करा, इंजिन आयडलिंगला ठेवा आणि तेल भरायच्या तोंडावर तळहात ठेवा. हात आत ओढला जातोय असे जाणवले, तर चोर सापडला.

माझ्या बाबतीत सिलिंडर हेड मशीनवर घासून घेतले होते, त्यामुळे मॅनिफोल्डचा कोन हेडशी जुळत नव्हता. तुमचेही हेड किंवा ब्लॉक घासले असतील तर मॅनिफोल्डही त्या हिशेबाने घासून घ्या. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळा. इंजिन एकदा तापून गार झाले की पुन्हा तपासा.

नवा मॅनिफोल्ड उंच आहे. बॉनेट लागेल का?

एअर क्लीनरवर मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळूच बंद करा, मग उघडून त्यांची जाडी मोजा. अर्धा इंचापेक्षा कमी उरली तर बुटका मॅनिफोल्ड शोधा, कारण जोर लावला की इंजिन माउंटवर हलते.